वादकाचा हात आणि मनगटातील दबलेली नस

॥ आरोग्य प्रबोधन ॥

नागपूर-अमरावती महामार्गावरील आपले तळेगाव हे कापूस आणि संत्र्यांच्या पट्ट्यातील गाव. याच मार्गाने अमरावतीकडे निघाले की तिवस्यापुढे गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा नाद या साऱ्या परिसराच्या अंगवळणी पडला आहे. भजनी मंडळात खंजिरी, तबला व हार्मोनियम आहेतच, आता शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून गिटारही दिसू लागली आहे. वाद्य कोणतेही असो, ते वाजवणारा हात बहुधा दिवसा शेतात, दुकानात किंवा दुचाकीच्या मुठीवर राबलेला असतो. अशा हाताला जडणाऱ्या एका विकाराची माहिती आमच्या हितचिंतकांना व रुग्णांच्या कुटुंबीयांना व्हावी, या हेतूने हा लेख दिला आहे. या विकाराचे वैद्यकशास्त्रातील नाव ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ असे आहे.

विकार म्हणजे नेमके काय?

आपल्या मनगटात तळहाताच्या बाजूस एक अरुंद बोगदा असतो. त्याचा तळ व भिंती आठ लहान हाडांच्या असून वर एका चिवट पट्ट्याचे छत असते. या बोगद्यातून बोटे वाकविणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, आणि एक मज्जातंतू जातो. हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू यांना संवेदना पुरवतो, तसेच अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यातील बहुतेक स्नायूंना चालना देतो. बोगद्याच्या भिंती ताणल्या जात नाहीत. त्यामुळे आतील भागास थोडी जरी सूज आली, तरी दाब पडतो तो या नाजूक मज्जातंतूवर.

प्रारंभी रात्री मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. पुढे दुचाकी चालविताना किंवा फोन कानाशी धरला असताना बोटे बधिर होऊ लागतात. गुंडी लावणे जड जाते, हातातील कप निसटतो. गिटारवादकास तर्जनीने साऱ्या तारा एकदम दाबून धरणे कठीण होते आणि नखी बोटांतून सुटू लागते. दुखणे दीर्घकाळ अंगावर काढल्यास अंगठ्याचा उंचवटा सपाट होतो. ही अवस्था आल्यानंतर गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईलच, याची खात्री देता येत नाही.

भीती व वस्तुस्थिती

हाताला बधिरपणा आला की आपल्या भागात अनेकांच्या मनात पहिली शंका कुष्ठरोगाची येते आणि त्या भीतीने दुखणे लपविले जाते. वास्तविक वर्धा जिल्ह्याने या रोगाच्या कलंकाशी फार मोठा लढा दिला आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य आरंभिले. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्रींची स्वतः शुश्रूषा केली. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो व ही औषधे शासनातर्फे विनामूल्य मिळतात.

दोन्ही विकारांत ढोबळ फरकही आहे. कुष्ठरोगात हाताचा जो मज्जातंतू अधिक वेळा बाधित होतो तो कोपराजवळून जाणारा असून, त्याचा बधिरपणा करंगळीच्या बाजूस जाणवतो. त्वचेवर न खाजणारा, संवेदनाहीन चट्टाही असू शकतो. मनगटातील नस दबल्यास करंगळी बहुधा सुटते. मानेतील मणक्यांच्या विकारानेही हाताला मुंग्या येतात. म्हणून निदान घरी न करता डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. कोणतेही निदान झाले तरी लपविण्याने हानी होते आणि दाखविण्याने लाभच होतो.

कारणे

केवळ वादनाने हा विकार होतो असे सरसकट म्हणता येत नाही. स्त्रियांत, विशेषतः गरोदरपणी, तो अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात व स्थूलता ही त्याची ज्ञात कारणे आहेत. म्हणून या रुग्णांची रक्तातील साखर व थायरॉइड तपासणे उपयुक्त ठरते. मनगट वाकवून जोर लावण्याची व सतत हादरे बसणारी कामे त्यात भर घालतात. कापूस वेचणे, संत्री तोडणे, दूध काढणे अशा श्रमांनी थकलेल्या मनगटावर रात्री दोन तास गिटारचा भार पडला, तर दोन्हींचा ताण एकत्र येतो.

उपचार

डॉक्टर मनगट वाकवून व नसेवर हलके ठोकून प्राथमिक परीक्षा करतात. आवश्यकता भासल्यास मज्जातंतूच्या वहनाची विद्युत तपासणी केली जाते. सौम्य अवस्थेत मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री झोपताना किमान सहा आठवडे बांधल्यास पुष्कळांना आराम पडतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे ते काही महिने दिलासा मिळतो. मात्र मधुमेही रुग्णांची साखर त्यामुळे काही दिवस वाढू शकते. बधिरपणा सतत राहत असेल किंवा अंगठ्यातील शक्ती कमी होत असेल, तर शस्त्रक्रिया करून बोगद्याचे छत मोकळे करतात. ती बहुधा केवळ हात बधिर करून केली जाते व रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. हलके वादन काही आठवड्यांनी सुरू करता येते. पकडीचा पूर्ण जोर परत येण्यास दोन-तीन महिने किंवा अधिक काळ लागू शकतो.

वादकांनी घ्यावयाची काळजी

१. डाव्या हाताचे मनगट शक्य तितके सरळ ठेवावे. गिटारची मान थोडी वर उचललेली असावी. बसून वाजविताना डाव्या पायाखाली लहान पाट घ्यावा किंवा पट्टा वापरावा.

२. तार आवश्यक तेवढीच दाबावी. हळूहळू दाब वाढवत न्यावा. खरखर थांबून स्वर स्वच्छ उमटला की तेथेच थांबावे. त्याहून अधिक जोर वाया जातो.

३. तारा फार उंच असल्यास जाणकाराकडून खाली करून घ्याव्यात. हलक्या किंवा नायलॉनच्या तारा योग्य त्या गिटारवर लावाव्यात.

४. वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटे थांबावे. कार्यक्रम जवळ आला म्हणून सराव एकाएकी दुप्पट करू नये.

५. खंजिरी व तबलावादकांनीही मनगट ताठ न ठेवता हात कोपरापासून सैल ठेवावा.

६. मुंग्या येऊ लागताच वादन थांबवावे. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवीत राहू नये.

विश्रांती म्हणजे साधनेचा त्याग नव्हे. १९०९ साली ‘हिंद स्वराज’ लिहिताना गांधीजींचा उजवा हात थकला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लेखन पुढे नेले. हात थकला की त्याचे ऐकावे आणि कार्य दुसऱ्या मार्गाने चालू ठेवावे, एवढा बोध त्यातून घेता येतो. हात बरा होईपर्यंत वादकाने ऐकावे, गावे, ताल मोजावा, स्वरलिपी वाचावी.

कुटुंबीयांना एक नम्र विनंती. घरातील मुलाच्या हातून वस्तू पडू लागल्या, तर त्यास निष्काळजी म्हणून रागावू नये; गृहिणी रात्री उठून हात झटकत असेल, तर ते वयाचे दुखणे समजू नये. आणि दात्यांस सांगावेसे वाटते की, रुग्णसेवेस दिलेले साह्य केवळ मोठ्या शस्त्रक्रियांनाच लागते असे नाही. वेळेवर मिळालेली मनगटाची साधी पट्टीदेखील एखाद्या हाताची कमाई आणि त्याचे सूर दोन्ही राखू शकते.