व्हिनेगरच्या रश्शातलं अंडं

फिलिपिन्समध्ये मांस, मासे, भाज्या अशा कशाचाही 'अडोबो' होतो. मग अंडं तरी मागे का राहील? व्हिनेगर, सोया सॉस, ठेचलेला लसूण, तमालपत्र आणि अख्खी मिरी यांच्या रश्शात उकडून सोललेली अंडी मंद आचेवर मुरवली, की 'अडोबोंग इत्लोग' तयार. 'अडोबो' हे नाव स्पॅनिश लोकांनी दिलं. पद्धत मात्र तिथलीच, असं मानलं जातं.

याच उकळत्या रश्शात कच्चं अंडं फोडून सोडलं, तर पांढरा भाग साध्या पाण्यातल्यापेक्षा लवकर आवळतो. असं का? हा भाग अल्कधर्मी असतो. त्यातल्या बहुतेक प्रथिनांवर ऋणभार असल्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल हा भार कमी करतं. मग उष्णतेने उलगडलेले प्रथिनांचे धागे चटकन एकमेकांत गुंततात आणि अंडं घट्ट होतं.

उकडलेल्या अंड्याचं तसं नाही. ते आधीच घट्ट झालेलं असतं. त्यात रंग, मीठ आणि आंबटपणा बाहेरून आत हळूहळू झिरपतो. म्हणून रस्सा मुरला की अंडं जास्त चवदार लागतं. शिवाय आम्लात बहुतेक जिवाणूंची वाढ मंदावते. फ्रिज नव्हते तेव्हा उष्ण, दमट बेटांवर याचा मोठा आधार होता.

गोव्याच्या विंदालूतही व्हिनेगर-लसणाचीच जोडी आहे आणि माडाच्या ताडीचं व्हिनेगर दोन्हीकडे वापरतात.

घरी करून पाहणार असाल, तर भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमवर आम्लाची प्रक्रिया होते.