गळ्यात एक शतांश वॅट

दयाळ पक्ष्याचं वजन जेमतेम ३५-४० ग्रॅम. मार्च उजाडला की तो गच्चीवरचा अँटेना नाहीतर पाण्याच्या टाकीची कड धरतो, आणि अंधारातच जो सुरू होतो तो बंद खिडकीतूनही ऐकू येतो. या आवाजामागे शक्ती किती असेल? एवढ्याशा पक्ष्याचा आवाज एक मीटरवर ९० डेसिबल धरू. मग चहूबाजूंना मिळून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती होते ०.०१२६ वॅट, म्हणजे एका वॅटचा शंभरावा भाग आणि वर थोडं. घरातला साधा एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो. तेवढी ध्वनिशक्ती हवी असेल तर सातशे दयाळ एकदम, गळा मोकळा सोडून गायला हवेत.

तो शंभरावा भाग आपल्याला एवढा दणदणीत वाटतो, त्याचं श्रेय कानांना. कानाला जेमतेम जाणवेल असा आवाज म्हणजे शून्य डेसिबल. ९० डेसिबलची तीव्रता त्याच्या १०० कोटी पट. दर १० डेसिबलला तीव्रता दहापट होते, म्हणून हे माप फसवं आहे. ९० चे ९३ झाले तर कागदावर किरकोळ वाटतं, पण याचा अर्थ पहिल्याच्या शेजारी तेवढ्याच जोराने गाणारा दुसरा दयाळ येऊन बसला.

चिकाटीचे आकडे आणखी चक्रावणारे आहेत. भर दुपारी 'टुक् टुक् टुक्' करणारा तांबट दुर्बिणीतून पाहावा. चोच मिटलेली असते. प्रत्येक 'टुक्'ला गळ्याशी कातडी फुगते, डोकं हलकंसं हलतं, आणि मान इकडून तिकडे वळते तसा आवाज कधी या झाडातून आल्यासारखा वाटतो, कधी पलीकडच्या. मोजणाऱ्यांनी मोजलंय: मिनिटाला १०८ ते १२१ ठोके, आणि एका दमात २०४ पर्यंत. पण मोजण्याचा खरा पराक्रम लुईस द किरिलीन लॉरेन्स या बाईंचा. २७ मे १९५२ रोजी कॅनडातल्या ओंटारिओत त्या पहाटेपासून संध्याकाळपर्यंत एका लाल डोळ्यांच्या व्हिरिओच्या मागे राहिल्या आणि त्याची प्रत्येक लकेर नोंदवली. एकूण २२,१९७. दिवस चौदा तासांचा धरला आणि पक्ष्याने क्षणभरही उसंत घेतली नाही असं मानलं, तरी दर सव्वादोन सेकंदांना एक. पक्ष्यापेक्षा मोजणारीला दाद द्यावीशी वाटते.

एवढा खटाटोप कशासाठी? मादीसाठी, हे उत्तर सगळ्यांना माहीत असतं. दुसरं उत्तर जमिनीचं आहे, आणि मला तेच जास्त रंगतदार वाटतं. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वूड्समध्ये जॉन क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी ग्रेट टिट पक्ष्यांचे नर त्यांच्या हद्दीतून उचलले आणि काही जागी नराऐवजी नुसते लाउडस्पीकर ठेवले. १९७८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: जिथे शांतता होती त्या जागा नव्या नरांनी पटापट बळकावल्या, जिथे गाणं वाजत होतं तिथे ते उशिरा शिरले. एकच गाणं वाजवण्यापेक्षा अनेक गाणी वाजवली, तर जागा आणखी जास्त वेळ राखली गेली. मालक नसताना नुसत्या आवाजाने ताबा टिकवला.

म्हणजे गाणं हा पक्ष्याचा सातबारा. मग त्यावर क्षेत्र किती, हेही काढता येतं. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. आपला ९० डेसिबलचा दयाळ भोवतालच्या गोंगाटात बुडेपर्यंत जिथवर पोचतो, ते त्याचं वर्तुळ. गोंगाट किती धरायचा? आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादाच घेऊ. निवासी भागात रात्री, म्हणजे सकाळी सहापर्यंत, ४५ डेसिबल. वर्तुळाची त्रिज्या निघते १७८ मीटर आणि क्षेत्रफळ जवळजवळ साडेचोवीस एकर. सहानंतर दिवसाची मर्यादा लागू होते, ५५. त्याच पक्ष्याला, त्याच गळ्याने, आता अडीच एकरही धड मिळत नाहीत. व्यापारी भागातल्या ६५ डेसिबलला उरतात दहा गुंठे. औद्योगिक वसाहतीत ७५ ला मर्यादा आहे. तिथे एक गुंठा, म्हणजे खालच्या फांदीवरच्यालाच ऐकू जाईल असा मामला. आणि हे सगळं नियम पाळले गेले तर!

अर्थात हा कागदावरचा हिशोब. पानं आवाज शोषतात, वारा तो वाकवतो, आणि रहदारीचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असल्याने वरच्या पट्टीत गाणाऱ्याला थोडी सूट मिळते. पण दयाळ, बुलबुल, कोकीळ यांची घाई उजाडण्याआधीच का चालते, याचं एक कारण या एकरांत नक्की आहे. (बाकीची कारणंही आहेत: अंधारात किडे दिसत नाहीत, तेव्हा करायला दुसरं कामही नसतं, आणि रात्र तरून निघालो हे शेजाऱ्यांना कळवायचं असतं.) पहाटे चारला ओरडणाऱ्या कोकिळाबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर दर एप्रिलला तक्रार येते. त्याला साडेचोवीस एकर मिळण्याची वेळ तीच, त्याला कोण काय करणार?

गोंगाटाशी पक्षी झगडतात कसे, याची मोजमापं युरोप-अमेरिकेत झाली आहेत. बर्लिनच्या नाइटिंगेल पक्ष्यांचे आवाज हेन्रिक ब्रुम यांनी मोजले, ते २००४ मध्ये छापून आले. गजबजलेल्या जागांतले नर शांत जागांतल्यांपेक्षा १४ डेसिबलपर्यंत जोरात गात होते. १४ डेसिबल म्हणजे तीव्रता २५ पट! आणि शनिवार-रविवारी सकाळी रहदारी कमी, तर त्यांचा आवाजही कमी. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हान्स स्लाबेकोर्न यांना ग्रेट टिट गोंगाटाच्या जागी वरच्या पट्टीत गाताना आढळले. मग आला २०२०. सॅन फ्रान्सिस्कोतली वाहनं टाळेबंदीत थांबली, आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या टोपीवाल्या चिमण्या हळू आवाजात गाऊ लागल्या. तरीही त्यांचं गाणं आधीच्या दुप्पट अंतरावर पोचत होतं. दुप्पट अंतर म्हणजे चौपट क्षेत्र, आणि तेही गळ्याला कमी कष्ट देऊन.

सगळाच आरडाओरडा जमिनीचा नसतो. शिक्रा घिरट्या घालू लागला की छोटे पक्षी बारीक, लांबट 'सीऽऽ' काढतात, सेकंदाला सात-आठ हजार कंपनांचा. तो हळूच सुरू होतो, हळूच विरतो, त्यामुळे आला कुठून हे ओळखणं अवघड. पीटर मार्लर यांनी १९५५ साली हे दाखवून दिलं. उलट दिवसाउजेडी आंब्याच्या ढोलीत पिंगळा सापडला की शिंपी, बुलबुल, सातभाई सगळे मिळून खरखरीत, तुटक, ठणठणीत ओरडतात, कारण इथे सगळ्यांना जागा कळायला हवी असते. जेमतेम ८ ग्रॅमचा शिंपी शेपटी उभी करून पिंगळ्यापासून हातभर अंतरावर थयथयाट करतो. अमेरिकेतले चिकडी पक्षी तर धोका मोजून सांगतात: हाकेच्या शेवटी जितके 'डी' जास्त तितका शत्रू वाईट. मोठ्या घुबडाला थोडेच, आणि चपळ, छोट्या पिग्मी घुबडाला २३ पर्यंत.

आवाजाचा आजवर मोजलेला उच्चांक बागेतला नाही, ॲमेझॉनच्या जंगलातला आहे. पांढरा बेलबर्ड, वजन पाव किलो, एक मीटरवर १२५ डेसिबल; ही नोंद २०१९ची. आपल्या दयाळाहून ३५ डेसिबल जास्त, म्हणजे तीव्रता तीन हजार पटींहून अधिक. मादी जवळच्या फांदीवर आली की तो गर्रकन वळून शेवटचा सूर थेट तिच्या तोंडावर सोडतो. ती चारेक मीटर मागे सरलेली असते, तरी हिशोबाने तिच्या कानांवर ११३ डेसिबल आदळतात. जोर मात्र फुकट येत नाही: आवाज जितका मोठा, तितका सूर आखूड.

कान फुटत कसे नाहीत? कोंबड्याच्या कानाजवळ माइक लावला तेव्हा आरवताना १४० डेसिबलच्या आसपास आकडा आला. चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची वाट आपोआप आवळते आणि पडद्याचा निम्मा भाग झाकला जातो. त्यातूनही आतल्या कानातल्या केशपेशी मेल्या, तर पक्ष्यांत काही आठवड्यांत नव्या उगवतात. हे १९८८ साली सिद्ध झालं. माणसाला प्रत्येक कानात साधारण १५ हजार मिळतात, जन्मभरासाठी तेवढ्याच.