खाडीची ओहोटी आणि पाऊणकी

आपल्या शाळेच्या मागच्या खिडकीतून खाडी दिसते. भरतीच्या वेळी ती काठोकाठ भरलेली असते आणि मधल्या सुट्टीत बघावे तर सगळा चिखल! पाणी गेले कुठे, असे लहान मुले विचारतात. गुरुजींनी या वेळी 'आमच्या घरचा धंदा' यावर लिहायला सांगितले. आमच्या घरचा धंदा खाडीतला. म्हणून मी खाडीत मासे कसे शोधतात आणि कसे धरतात ते सांगणार आहे. गेल्या वर्षी माझ्या हातून जी चूक झाली, तीही सांगणार आहे.

आपली काजळी नदी सह्याद्रीत उगवते. आंजणारी, चांदेराई करीत ती भाट्ये येथे अरबी समुद्राला मिळते. मुखाजवळ समुद्राचे खारे पाणी नदीत आत शिरते, त्या भागाला आपण खाडी म्हणतो. बाहेर समुद्र खवळला तरी मोठ्या लाटा इथे आत पोचत नाहीत. पाणी उथळ असते, चिखलात खाणे भरपूर असते आणि लपायला तिवर, चिपी आणि कांदळ यांची झाडे असतात. म्हणून माशांची पिल्ले इथे वाढतात. कोळंबी समुद्रात अंडी घालते, पण तिची पिल्ले खाडीत येऊन मोठी होतात. बोय माशाचेही तसेच. खाडी म्हणजे माशांची बालवाडीच आहे.

आता मासे शोधायचे कसे? माझे आबा दुसरीपर्यंतच शिकले. पण त्यांना खाडी पाठ आहे. ते म्हणतात, "पोरा, मासा भरतीला धरायचा, पन जागा ओहोटीला बगून ठेवायची." ओहोटी लागली की खाडीचा तळ उघडा पडतो. मग कुठे चर आहे, कुठे खड्डा आहे, कुठे वाळू आणि कुठे मऊ चिखल, हे सगळे डोळ्यांनी दिसते. भरतीला ते पाण्याखाली झाकले जाते. ज्याने आधी बघून ठेवले त्यालाच ते ठाऊक.

पाणी चढू लागले की मासे चरांमधून वर येतात आणि चिखलावर पसरून खातात. बोय चिखलावरचे शेवाळ आणि कुजका पालापाचोळा खाते. ती थव्याने येते, पाण्यावर बारीक तुरतुर दिसते आणि मधूनच एखादी उडी मारते. मुडदुशी वाळूच्या तळाशी असते. तांबोशी खडकांच्या फटीत आणि कांदळाच्या पाळांत दबा धरून बसते. पाणी उतरू लागले की हेच मासे त्याच चरांतून माघारी जातात. म्हणून वहाळ जिथे खाडीला मिळतो तिथले तोंड, खाजणाच्या बांधाची उघाडी आणि वाळूच्या दांड्याची आतली बाजू, या जागा चांगल्या. तिथे उभे राहून आबा पागाचे जाळे टाकतात. पागाचे जाळे गोल असते, त्याच्या कडेला शिशाचे मणी असतात आणि दोरी मनगटाला बांधतात. फेकताना ते छत्रीसारखे उघडले पाहिजे, नाहीतर पिळा होऊन पडते आणि मासे पळतात. माझे अजून दहात चार वेळाच उघडते. आबा आपली सावली पाण्यावर पडू देत नाहीत आणि पाय आपटत चालत नाहीत.

बायका आणि मुले ओहोटीला मुळे काढायला जातात. मुंबईकडे त्यांना तिसऱ्या म्हणतात. रेतीमिश्रित चिखलावर जवळजवळ दोन बारीक भोके दिसली की खाली मुळा आहे असे समजावे. जवळ पाय ठेवला की भोकातून पाण्याची चिळकांडी उडते. मग खुरप्याने उकरावे. घरी आणल्यावर मुळे काही तास खाऱ्या पाण्यात ठेवावेत, म्हणजे पोटातली रेती बाहेर टाकतात. चिखलावर तुरूतुरू उड्या मारणारी निवटी तर तुम्ही सर्वांनी पाहिलीच असेल. ती मासा आहे, तरी अंग ओले असेपर्यंत पाण्याबाहेर राहू शकते, कारण ती कातडीनेही श्वास घेते.

परंतु हे सर्व भरती-ओहोटीच्या वेळेवर अवलंबून आहे. ही वेळ ओळखायला आबांना घड्याळ किंवा मोबाईल लागत नाही. त्यांना पाऊणकी पाठ आहे. आपण पाढे शिकतो तशी पूर्वी शाळेत पाऊणकी शिकवीत: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. आज कोणती तिथी आहे ते बघायचे आणि तिची पाऊणपट करायची. जेवढे उत्तर येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे तीन वाजता भरती. त्यात सहा तास बारा मिनिटे मिळवली की पूर्ण ओहोटी, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दिवसाची भरती आणि रात्रीची भरती यांत साधारण साडेबारा तासांचे अंतर असते. रोज भरती पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा येते. हा हिशेब किनाऱ्याचा आहे. खाडीत आत आत जावे तसा भरतीला पोचायला उशीर लागतो. दहा-वीस मिनिटे इकडेतिकडे होतातच.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते आणि कमी उतरते. तो भांग. पौर्णिमेची पाऊणपट सव्वाअकरा येते, म्हणून उधाणाच्या दिवसांत ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी असते. मुळे काढायला हे दिवस उत्तम. पण याच दिवसांत पाणी जोराने परतते.

आता माझी चूक सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्यात द्वितीयेच्या दिवशी मी आणि माझी धाकटी बहीण सकाळी मुळे काढायला गेलो. मी हिशेब बरोबर केला होता. दोन पाऊण दीड, म्हणजे पावणेआठला ओहोटी. आई म्हणाली होती, "साडेआठला मागे फिरा." काठ आणि चिखलाचा पट्टा यांच्यामध्ये एक चर आहे. जाताना त्यात घोट्याच्या वर पाणी होते. त्या दिवशी मुळे भरपूर लागले. टोपली भरत आली. दुपारी आई ती बाजारात नेणार होती आणि त्या पैशांत आमची वह्या-पुस्तके यायची होती. मी म्हटले, आणखी थोडे, आणखी थोडे. आम्ही समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. पाणी समोरून येईल असे मला वाटत होते. समोरचा चिखल तर अजून कोरडाच होता.

पावणेदहाच्या सुमारास बहीण म्हणाली, "दादा, मागे बघ." चर भरला होता! भरतीचे पाणी आधी खोल जागेत शिरते. चर खोल, म्हणून तो आमच्या पाठीमागून भरला. मी उतरून पाहिले तर पाणी माझ्या कमरेच्या वर आणि ओढ जबरदस्त. बहीण तर छातीच्या वर बुडली असती. दुसरी वाट शोधायला मी डावीकडे धावलो आणि मऊ चिखलात मांडीपर्यंत रुतलो. एक पाय ओढला की दुसरा आणखी खाली जाई. बहीण रडू लागली. मला ओरडायलाही सुचेना.

काठावरून आबांनी पाहिले. त्यांनी होडी सोडली आणि दुरूनच ओरडले, "वडू नको! मागे टेक! आडवा पड!" मी पाठीवर रेललो, हात पसरले आणि पाय हळूहळू हलवू लागलो. पायाभोवती पाणी शिरले तसा चिखल सैल झाला. आबांनी वल्हे टाकले, ते मी छातीखाली घेतले आणि निघालो. आधी त्यांनी बहिणीला उचलून होडीत घेतले, मग मला. टोपली तिथेच राहिली. आबा रागावले नाहीत. घरी गेल्यावर एवढेच म्हणाले, "पाऊणकी पाठ हाय, पन उठायची अक्कल नाय." आई दोन दिवस काही बोलली नाही. मला मारले असते तर बरे, असे वाटत होते. त्या वर्षी वह्या उशिरा आल्या. पण बहीण वर्गात माझ्या पुढच्या रांगेत बसलेली दिसते, तेव्हा त्या टोपलीचे मला काही वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, खाडीत जाताना हे ध्यानात ठेवा:

१. तिथीची पाऊणपट करा आणि ओहोटीची वेळ घरी सांगून जा. पूर्ण ओहोटीनंतर पाऊण तासात मागे फिरा. भरतीचे पाणी पहिल्या तासात हळू चढते, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत जोरात.
२. मागचा चर सतत बघा. त्यात एक काठी रोवून पाण्याची खूण ठेवा.
३. एकट्याने जाऊ नका. रुतलात तर ओढाओढ करू नका, मागे रेला आणि पाय हळू हलवा.
४. वाळूवर पाय घासत चाला, म्हणजे पाकट असेल तर सरकून जाते. पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि दवाखान्यात जा.
५. रुपयाच्या नाण्याहून लहान मुळे आणि अंडी असलेली कुर्ली परत सोडा. मच्छरदाणीसारखे बारीक जाळे चराच्या तोंडाशी लावू नका. त्यात बोटाएवढी पिल्ले मरतात आणि पुढच्या वर्षी आपलेच जाळे रिकामे येते.
६. तिवर आणि चिपी तोडू नका. पांढरी चिपी हे २०२० सालापासून आपल्या राज्याचे कांदळवन-झाड आहे. झाड गेले की पिल्लांचे घर गेले.

या मे महिन्यात मी पुन्हा मुळे काढायला गेलो होतो. चरात काठी रोवली होती. पाणी काठीच्या खुणेला लागले तेव्हा टोपली अर्धीच भरली होती. मी उठलो आणि घरी आलो. आईने टोपली बघितली आणि म्हणाली, "पुरे झाले."

– इयत्ता सातवी