श्वास लागण्याआधीचा आकडा

कोरोनाच्या न्यूमोनियाचा विषय निघाला की लोक हटकून व्हेंटिलेटर, रेमडेसिव्हिर आणि सीटी स्कॅनच्या 'स्कोअर'वर येतात. माझं मत वेगळं आहे. त्या साथीत सर्वांत जास्त उपयोगी पडला तो बोटाला लावायचा, रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा छोटा चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर. वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीत उभी हयात गेल्यामुळे त्याच्यावर माझा विशेष जीव आहे.

आजाराचं थोडक्यात सांगतो. विषाणू घशातून फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत उतरतो आणि वायुकोश मिटू न देणारा द्रव तयार करणाऱ्या पेशींनाच धरतो. सूज येते, पाणी साचतं, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या कडेला धुरकट डाग दिसतात.

यातली खरी फसवी गोष्ट मी २०२१च्या दुसऱ्या लाटेत पाहिली. आमच्याच इमारतीतले एक निवृत्त शिक्षक, चार दिवसांचा ताप. खुर्चीत बसून मुलाशी फोनवर व्यवस्थित बोलत होते. चिमटा लावला, आकडा ८३. यंत्र बिघडलं असेल म्हणून माझ्या बोटाला लावलं, ९८. त्यांचं दुसरं बोट घेतलं, पुन्हा ८३. "मला काही होत नाहीये हो," ते म्हणाले. तासाभरात त्यांना ऑक्सिजनवर घ्यावं लागलं.

असं का होतं? जीव गुदमरल्याची जाणीव मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. हा वायू वायुकोशाचा पडदा ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट सहज ओलांडतो. त्यामुळे फुप्फुसाचा काही भाग निकामी झाला, तरी उरलेला भाग तो बाहेर टाकत राहतो. ऑक्सिजन मात्र तोवर घटलेला असतो. हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनचा आलेख सह्याद्रीच्या पठारासारखा आहे: साधारण नव्वदपर्यंत सपाटी, पुढे थेट कडा. माणूस बोलत-बोलत कड्यापर्यंत येतो आणि त्याला पत्ता नसतो.

हा कडा आधीच दाखवणाऱ्या यंत्रामागे ताकुओ आओयागी हे जपानी अभियंते आहेत. निहोन कोहदेन या कंपनीत ते रक्तात रंगद्रव्य सोडून हृदयाचं काम मोजायच्या खटपटीत होते. कानाच्या पाळीतून जाणाऱ्या प्रकाशात नाडीचे ठोके उमटत आणि मोजमाप बिघडवत. दोन तरंगलांबींचा प्रकाश वापरून त्यांनी ते ठोके पुसायचा प्रयत्न केला. पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की हिशेब पुन्हा चुके. ज्याला आपण अडथळा समजतो, त्यातच रोहिणीतल्या रक्ताच्या ऑक्सिजनचं माप आहे, हे त्यांना तिथे उमगलं. १९७४मध्ये त्यांनी ते मांडलं. मिनोल्टा कंपनीचं बोटावरचं यंत्र १९७७चं. आजच्या चिमट्यातही तोच लाल आणि अदृश्य अवरक्त प्रकाश आहे. १८ एप्रिल २०२० रोजी, जग त्यांच्या शोधावर विसंबून असताना, आओयागी वारले. त्यांना नोबेल मिळायला हवं होतं, असं मी ठामपणे म्हणतो.

आपल्याकडे २०२०च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत हा चिमटा दारोदार गेला. आशाताईंनी वाड्या-वस्त्यांवर जे आकडे टिपले, त्यांचं मोल अजून पुरेसं ओळखलं गेलेलं नाही. आकडा वेळेत कळला तर पुढे ऑक्सिजन होता, पालथं झोपवणं होतं आणि डेक्सामेथासोन होतं. या स्वस्त औषधाने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक पंचमांशाने, तर व्हेंटिलेटरवरच्यांचे एक तृतीयांशाने कमी झाले, हे ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत दिसलं.

यंत्राला मर्यादा आहेत. नेलपॉलिश, गार बोटं, थरथरणारा हात यांनी आकडा चुकतो. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, यंत्राने न पकडलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळली. आपल्या सावळ्या कातडीवर ही यंत्रं कसून तपासली गेलीच पाहिजेत.

कपाटात पडलेला तुमचा चिमटा आज बाहेर काढा आणि त्याचे सेल बदला. घरात वयस्कर कुणाला ताप-खोकला आला तर बोट चोळून गरम करा, मिनिटभर स्थिर धरा, मग आकडा वाचा. बसल्या जागी धाप नसेल आणि आकडाही ९४च्या खाली नसेल, तर घरातच सहा मिनिटं चालवून पुन्हा बघा. एरवी नीट असणारा आकडा ९४च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीन-चारने घसरला, तर "मला काही होत नाही" यावर विश्वास ठेवू नका. लगेच डॉक्टर गाठा.