कमरेची सुरी कशी निवडावी

गेल्या श्रावणांत आमचा एक बैल बांधावर चरतांना ओघळींत घसरला, आणि दावें बाभळीच्या बुंध्यास अडकून त्याच्या गळ्यास फांस बसला. आमच्या खिशांत मिटणारा चाकू होता. परंतु पावसांत भिजून त्याची खीळ गंजलेली, आणि ओल्या बोटांनीं पातें कांहीं केल्या उघडेना. बैलाचे डोळे पांढरे होऊं लागले. पलीकडे गवत कापीत असलेली बाई धांवत आली, तिनें विळ्यानें दावें तोडलें, म्हणून जनावर वांचलें. तो चाकू आतां आम्हीं पेन्सिली तासण्यास ठेविला आहे.

शेतकऱ्याच्या कमरेस न मिटणारें पातेंच हवें. कोंकणांत आकडीस कोयता अडकवून फिरण्याची चाल आहेच. परंतु कोयता हें फांदी तोडण्याचें हत्यार होय. दोर कापणें, पोत्याची शिवण उसवणें, ठिबकाची नळी छाटणें, या नित्याच्या कामांस चार इंच पात्याची सुरी पुरते. याहून लांब पातें खालीं बसतांना मांडीस टोंचतें.

अशा सुऱ्या दोन प्रकारच्या मिळतात. एक, लोहारानें मोटारीच्या जुन्या कमानपट्ट्यापासून घडविलेली. दुसरी, कारखान्यांतील न गंजणाऱ्या पोलादाची. कमानपट्ट्याच्या पोलादांत कार्बन सुमारें ०.६ टक्के असतो. त्यास नीट पाणी दिलेलें असल्यास कुरुंदाच्या दगडावर चार हात मारतांच धार येते. मात्र लिंबाचा रस किंवा आंब्याचा चीक पुसला नाहीं, तर पातें रात्रींत काळें पडतें. दुसऱ्या प्रकारांत क्रोमियम किमान साडेदहा टक्के असल्यामुळें गंज सहसा धरत नाहीं. परंतु स्वस्त माल मऊ निघतो, आणि उत्तम मालाची धार एकदां गेली म्हणजे घरच्या दगडावर ती परत आणणें जिकिरीचें. खाऱ्या हवेच्या किनाऱ्यावर व लिंबूवर्गीय बागांत दुसरी घ्यावी; देशावर, जेथें लोहार हांकेवर आहे, तेथें पहिली. आम्ही लोहाराचीच वापरतों. विजेच्या चाकावर ती देऊं नये. पात्यावर निळी झांक दिसली कीं त्या जागचें पाणी उतरलें म्हणून समजावें.

फसवणूक होते ती पात्यांत नव्हे, मुठींत. पात्याचें शेपूट इंचभरच आंत शिरवून राळेनें चिकटविलेलें असतें. जोर करतांच मूठ हातांत राहते व पातें दोरांत. शेपूट मुठीच्या टोंकापर्यंत गेलेलें व आरपार खिळ्यांनीं जखडलेलें डोळ्यांनीं पाहावें. दुकानदार दाखविण्यास कुरकुरला, तर पुढचें दुकान गांठावें. पात्यालगत मुठीस उंचवटा हवा, नाहीं तर ओला हात धारेवर घसरतो. चामड्याचें म्यान दिसण्यांत उत्तम. परंतु पावसाळ्यांत तें ओल धरून ठेवतें, म्हणून रात्रीं सुरी बाहेर काढून तेलाचें बोट फिरवावें.

आतां एक गोष्ट कचेरींतील अनुभवाची. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठीं घडविलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येबाहेर ठेविल्या आहेत, हें ऐकून पुष्कळ लोक निर्धास्त होतात. परंतु १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखालीं जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक जागीं सुरी किंवा काठीही बाळगण्यास मनाई करूं शकतात. असे हुकूम आम्हीं कितीदां नकलून चावडीकडे धाडले असतील. पण चावडीवरचा कागद वाचतो कोण? एका बाजाराच्या दिवशीं एक वृद्ध शेतकरी कमरेस कोयता तसाच ठेवून सातबाराच्या उताऱ्यासाठीं आला. हुकूम चालू होता. त्यास दिवे लागेपर्यंत बसवून ठेविलें. कोयता जप्त झाला आणि उताराही राहिला. त्याची बाजू सांगण्यास आम्ही गेलों होतों, पण आमचें कोणी ऐकलें नाहीं.

तालुक्यास जावयाचें असलें म्हणजे आमची सुरी गोठ्याच्या खुंटीस असते.