तिकीट नाही, मग संकोच कशाला?

सुट्टीच्या दिवशी मुलांना कुठे न्यावे? चौघांचे कुटुंब सिनेमाला गेले तरी महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. मुंबईत मात्र काही ठिकाणी तिकीटच लागत नाही. तरीही अनेक जण दारावरूनच परततात. ‘चित्रातलं आपल्याला काय कळतं?’ हा संकोच आडवा येतो.

काळा घोडा येथील जहांगीर आर्ट गॅलरीचेच पाहा. १९५२ साली सुरू झालेल्या या कलादालनात प्रवेश विनामूल्य आहे. प्रदर्शने सतत बदलत असतात. बहुधा चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. ‘हे काय काढलंय?’ असे मुलाने विचारले, तर तो कौतुकाने सांगतो. चित्र विकत घेण्याचे बंधन नाही. बाहेर फुटपाथवरही चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात.

गावदेवीचे मणिभवनही असेच पाहण्याजोगे. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधी मुंबईत आले की इथे उतरत. ४ जानेवारी १९३२ रोजी त्यांना याच घराच्या गच्चीवरून अटक झाली. त्यांची खोली, चरखे इथे जपून ठेवले आहेत. त्यांच्या जीवनातील प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडलेले असल्याने वाचता न येणाऱ्या मुलालाही गोष्ट समजते.

एका दिवशी एकच ठिकाण पाहावे. निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. एखाद्या चित्रापाशी मूल रेंगाळले, तर त्याला ओढू नये. चित्र कळलेच पाहिजे असे नाही, आवडले तरी पुरे. लहानपणी आई-वडिलांचे बोट धरून आत गेलेले मूल मोठेपणी अशा दारांशी बिचकत नाही.