वाहन, व्यक्ती आणि पाचारण : स्वयंसेवकाच्या उभ्या गाडीविषयी

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव हे नाव बाहेरच्या वाचकांस मुख्यतः दोन दुर्घटनांमुळे परिचित झाले. दिनांक ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथील केंद्रीय दारूगोळा भांडारास आग लागली. दोन सेनाधिकारी व आगीशी झुंजणारे अनेक अग्निशामक कर्मचारी तीत मृत्युमुखी पडले, आणि आसपासच्या गावांतील रहिवाशांना रात्रीच घरे सोडावी लागली. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच्या सोनेगाव (आबाजी) येथे जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. भांडाराच्या कुंपणाच्या आत जे करावयाचे ते सैन्य करते. तेथे नागरी स्वयंसेवकाचा प्रश्नच उद्भवत नाही. कुंपणाबाहेर मात्र गावे रिकामी करणे, वाट दाखविणे, सुमारे तीस किलोमीटरवरील वर्धा परिसराच्या रुग्णालयांत रक्तदात्यांस पोहोचविणे अशी पुष्कळ कामे उरतात. अशा कामांस धावणारा गृहरक्षक वा प्रशिक्षित स्वयंसेवक सरकारी गाडीतून येत नाही. तो स्वतःच्या मोटारसायकलीवरून येतो. ती मोटारसायकल त्याने कोठे उभी करावी?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्यास दोन बाजू आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. ‘वाहने उभी करण्यास मनाई’ अशा पाटीखाली घाईने लावलेली गाडी वाहतूक शाखेने उचलून नेली, तर पुढच्या वेळी तो मनुष्य दूरवर जागा शोधीत बसेल, किंवा येणारच नाही. उलटपक्षी, अशा पंचवीस गाड्या अरुंद रस्त्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, तर अवजड अग्निशामक बंबास वाट कशी मिळणार? मदतीस आलेलाच अडथळा होऊन बसतो. म्हणून येथे सवलत ‘द्यावी की न द्यावी’ एवढाच विचार पुरेसा नाही. ती कोणत्या शब्दास चिकटवावी, हा विचार अगोदर करावयास हवा. आणि तो भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १२२ पासून प्रारंभ करणे सोयीचे. सार्वजनिक जागी इतरांस धोका, अडथळा वा अवाजवी गैरसोय होईल अशा स्थितीत, अशा अवस्थेत किंवा अशा परिस्थितीत वाहन उभे ठेवू नये, असा त्याचा आशय आहे. यातील स्थिती, अवस्था व परिस्थिती हे तीनही शब्द वाहनाकडे पाहतात. चालक तेथे का थांबला, हे विचारणारा शब्द या वाक्यात नाही. कलम १२७ मध्ये निषिद्ध जागी उभे केलेले, किंवा दहा तास अथवा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन हलविण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास दिला आहे. तेथेही हेतूस स्थान नाही. २०१९ च्या सुधारणेने आलेले कलम १९४ई अग्निशामक वाहन, रुग्णवाहिका किंवा राज्य शासनाने विनिर्दिष्ट केलेले अन्य आपत्कालीन वाहन यांस वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगते.

‘आपत्कालीन वाहन’ हा शब्दप्रयोग थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. ‘आपत्काल’ म्हणजे संकटाचा काळ. ‘आपत्कालीन’ म्हणजे त्या काळाचे, त्या काळातील. ‘ग्रीष्मकालीन सुट्टी’ ग्रीष्मापुरती असते. त्या न्यायाने कोणतेही वाहन आपत्तीच्या काळापुरते आपत्कालीन व्हावयास हवे. वहिवाटीत मात्र विशेषणातील काळ गळून पडला आणि ते जातिवाचक झाले. गॅरेजमध्ये निवांत उभी असलेली रुग्णवाहिकाही ‘आपत्कालीन वाहन’च, आणि बुडत्या माणसाकडे दोर घेऊन निघालेली दुचाकी मात्र साधी दुचाकी. विशेषण कार्यावरून सरकून यंत्रावर गेले आहे.

व्यक्तीस संरक्षण देणारी तरतूद नाही असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० मार्च २०१६ च्या निर्णयानंतर, २०१९ च्याच सुधारणेने कलम १३४ए आले व ‘गुड समॅरिटन’ ही संज्ञा अधिनियमात स्थिरावली. सद्भावनेने, स्वेच्छेने व मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्तास साहाय्य करणारा तो गुड समॅरिटन. साहाय्य करताना काही चूक होऊन अपघातग्रस्तास इजा झाली वा मृत्यू आला, तर त्याबद्दलच्या दिवाणी वा फौजदारी कारवाईपासून त्याला संरक्षण आहे. त्याची गाडी रस्त्यात आडवी राहिली तर काय, याविषयी कलम मौन बाळगते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ यात खाजगी वाहन येते, पण निराळ्या विभक्तीत. कलम ६५ अन्वये प्राधिकरण ते अधिग्रहित करू शकते, म्हणजे ते वाहन क्रियेचे कर्म असते. मालक स्वतः होऊन ते घेऊन निघाला आहे, अशी वाक्यरचना त्या अधिनियमात नाही.

परदेशांत या पेचाची उकल निरनिराळी झाली आहे. न्यूयॉर्क राज्यात स्वयंसेवक अग्निशामकास स्वतःच्या गाडीवर निळा दिवा व स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकाच्या सदस्यास हिरवा दिवा लावता येतो; परंतु तो सौजन्याची विनंती करणारा दिवा होय, त्याने वाहतुकीच्या नियमांतून सूट मिळत नाही. जर्मन वाहतूक संहितेचे कलम ३५ अधिक उद्बोधक आहे. त्याच्या पहिल्या पोटकलमात सूट दिली आहे ती ‘अग्निशामक दला’स, त्या दलाच्या वाहनांस नव्हे, आणि तीही शासकीय कर्तव्य पार पाडण्यासाठी निकडीची असेल तेवढीच. याच कलमात बचावसेवेचा उल्लेख आला की शब्द बदलतो व सूट ‘वाहनां’स मिळते. या एका शब्दाच्या फरकामुळे, खाजगी मोटारीतून ठाण्याकडे निघालेला स्वयंसेवक अग्निशामक सूट मागू शकतो काय, हा वाद तेथे न्यायालयांपर्यंत गेला. ब्रिटनमधील अपंगांचा ‘ब्लू बॅज’ही या संदर्भात आठवतो. तो गाडीस मिळत नाही, माणसास मिळतो. ज्या गाडीतून तो माणूस प्रवास करील तिच्यात तो ठेवावयाचा.

आपल्याकडे चिन्हांचा अनुभव फारसा सुखद नाही. ‘लाल दिव्याची गाडी’ हा मराठी वाक्प्रयोग पाहावा. मुळात ते कामाच्या निकडीचे चिन्ह. पण ‘त्यांना लाल दिवा मिळाला’ याचा अर्थ मराठी माणसाने मंत्रिपद किंवा महामंडळ मिळाले असाच लावला. चिन्ह निकडीकडून प्रतिष्ठेकडे इतके पूर्ण गेले की १ मे २०१७ पासून शासनास ते दिवे उतरवावे लागले. डॉक्टरांच्या मोटारींवरील तांबड्या क्रॉसची कथा याच जातीची. जिनीव्हा करार अधिनियम, १९६० ने त्या चिन्हाचा वापर निर्बंधित केला असूनही ते काचांवर सर्रास दिसत आले. तेव्हा स्वयंसेवकांस उद्या नवे स्टिकर दिले, तर काही वर्षांत ते कोणाकोणाच्या गाडीवर दिसेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मग सवलत वाहनासही नको आणि माणसासही कायमची नको, तर ती कशास जोडावी? याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबई गृहरक्षक दल अधिनियम, १९४७ यात गृहरक्षकास पोलीस अधिकाऱ्याचे अधिकार, विशेषाधिकार व संरक्षण दिले आहे, ते ‘पाचारण झाले असताना’. सगळा भार या लहानशा उपवाक्यावर आहे. पाचारण होण्यापूर्वी तो शिक्षक असेल, दुकानदार असेल. पाचारण संपताच तो पुन्हा तोच. अधिकार व्यक्तीत वसत नाही, प्रसंगात वसतो. या अधिनियमात गाडीविषयी काही नाही, आणि म्हणून त्यातून पार्किंगची सूट आपोआप निघते असे मानणे धाडसाचे होईल. परंतु वाक्यरचनेचा नमुना म्हणून तो मोलाचा आहे.

‘पाचारण’ आणि ‘बोलावणे’ यांतील भेद येथे उपयोगी पडतो. पाचारण अधिकारी करतो, त्याची नोंद राहते. बोलावणे शेजारीही करतो. घरात साप निघाल्यावर सर्पमित्रास जो फोन जातो, ते बोलावणे होय. आणि त्याचीही निकड काही कमी नसते. त्यालाही गाडी दाराशीच लावावी लागते. तथापि नोंद नसलेल्या बोलावण्यावर सवलत उभारली, तर ती कोणीही सांगावी अशी सबब होईल. केंद्र शासनाने २०१६ मध्ये तीस पूरप्रवण जिल्ह्यांत सहा हजार स्वयंसेवकांपासून आरंभिलेली व पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत विस्तारण्याचे ठरविलेली ‘आपदा मित्र’ योजना या दोहोंच्या मध्ये पडते. नाव मैत्रीचे, परंतु बोलावणे प्रशासनाचे.

आणखी एक मर्यादा स्पष्ट असावी. चालत्या गाडीस सूट देणे व उभ्या गाडीस सूट देणे यांत मोठे अंतर आहे. सिग्नल तोडून वेगाने धावणारी खाजगी मोटार तिऱ्हाइताच्या जिवावर बेतू शकते. योग्य जागी उभी केलेली गाडी फार तर कोणाची जागा अडविते. म्हणून सवलतीचा विचार उभ्या गाडीपुरता ठेवणेच शहाणपणाचे, आणि त्यास अधिनियमात जागाही आहे. कलम ११७ अन्वये राज्य शासन वा त्याने प्राधिकृत केलेले प्राधिकरण, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, वाहने अनिश्चित वा विशिष्ट काळ उभी राहतील अशा जागा ठरवू शकते. पुलगावसारख्या गावी नगरपरिषदेच्या सल्ल्याने अशी एखादी जागा, बंबाच्या वाटेपासून दूर पण घटनास्थळी पायी पोहोचता येईल इतकी जवळ, आधीच ठरविता येईल.

तेथील पाटीवर मात्र ‘आपत्कालीन वाहनांसाठी राखीव’ असे लिहून भागणार नाही. वर सांगितलेला सारा घोळ त्या तीन शब्दांत परत येतो. ‘पाचारण झालेल्या स्वयंसेवकांच्या वाहनांसाठी, पाचारण संपेपर्यंत’ ही रचना लांब आहे, कानास काहीशी जडही आहे. पण तीत कोणाचे, केव्हा व कोठवर हे तिन्ही प्रश्न सुटतात. ‘संपेपर्यंत’ म्हणजे नेमके केव्हापर्यंत, हे पाचारण करणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदवहीत वेळ लिहूनच सांगावयाचे आहे.